'कॉमेडी म्हणून गेलो आणि रडून आलो', एक स्टारच्या रिव्ह्यूला आमच्याकडून उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यायला बसले होते, पण म्हटलं सकाळी शांतपणे लिहू. एक स्टारचं वाईट वाटलंच, पण तुमच्या मुलाबद्दल जे लिहिलंय ते वाचून जास्त वाटलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सर शनिवारच्या शोला आई-वडील, मिसेस आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. पोस्टरवर 'वळूच्या दिग्दर्शकाचा सिनेमा' असं मोठ्या अक्षरात होतं, 'वळू' कॉमेडी होता म्हणून त्यांना वाटलं घरच्यांबरोबर दोन तास हसू, आणि आम्ही दाखवला 'विहीर'. पाच तिकिटांचे साडेबाराशे गेले, मुलगा रात्री नीट झोपला नाही, इंटरव्हलला पैसे परत मागितले तर काउंटरवरच्या मुलाने शो सुरू झाल्यावर रिफंड नाही म्हणून सांगितलं. आणि शेवटी सरांनी लिहिलंय की या कॉमेडीवाल्यांचे जोक संपले की ते अवॉर्डसाठी सिरियस होतात, ज्याला जे येतं त्याने तेच करावं.

पोस्टर मी स्वतः केलंय, त्यामुळे चूक माझी आहे, काउंटरवरच्या मुलाची नाही, तो मी सांगितलेला नियमच सांगत होता. काल ते पोस्टर परत काढून बघितलं. 'वळू' एवढं मोठं की रस्त्यापलीकडून वाचता येईल, आणि 'विहीर'मध्ये एका मुलाचा मृत्यू आहे, लहान मुलांना आणताना विचार करा, असं कुठेच नाही. मला वाटलं पुण्यात हा सिनेमा सगळ्यांना माहीतच असणार, दिग्दर्शक उमेश कुलकर्णी पुण्यातले, एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, इथून चालत जाता येईल एवढ्यावर. पण असं गृहीत धरायला नको होतं.

आणि मला तर हे कळायलाच हवं होतं. माझ्या वडिलांची नारायण पेठेत कॅसेट लायब्ररी होती. लक्ष्मीकांत बेर्डेंचा एक अख्खा कप्पा होता, शुक्रवारी संध्याकाळी रिकामा व्हायचा. त्याच कप्प्यात 'एक होता विदूषक' असायचा, जब्बार पटेलांचा, 1992 चा, लिहिलेला पुलंनी. लोक लक्ष्या बघून घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर कॅसेट आपटायचे, काय दिलंत हे म्हणून. मग बाबा प्रत्येकाला देतानाच सांगायला लागले, हा आपला नेहमीचा लक्ष्या नाहीये हं, हसवणाऱ्याच्या आयुष्याचा सिनेमा आहे, निवांत असाल तेव्हा बघा. तेवढं सांगितल्यावर भांडण बंद झालं. काही जण तर तोच परत मागून नेऊ लागले. सिनेमा तोच होता, फक्त माणूस तयारीने बघायला बसायचा.

चॅप्लिननेही हेच केलं होतं. 1923 मध्ये त्याने 'अ वुमन ऑफ पॅरिस' काढला, आणि सुरुवातीलाच पडद्यावर लिहून टाकलं की गैरसमज नको म्हणून सांगतो, मी या सिनेमात दिसणार नाही आणि हा माझा पहिलाच गंभीर सिनेमा आहे. (एका छोट्या सीनमध्ये हमाल होऊन दिसतो म्हणा, पण ओळखू येत नाही.) तरी लोकांना चॅप्लिन हवा होता, समीक्षकांनी डोक्यावर घेतला आणि पब्लिक फिरकलं नाही. म्हणजे सांगूनसुद्धा लोक नाराज होतात, मी तर तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

पण सर, जोक संपले म्हणून सिरियस होतात हे मात्र मला पटत नाही. तुमच्याशी वाद घालायचा म्हणून नाही, हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून लिहिते.

'वळू' 2008 चा, 'विहीर' त्याच्या लगेच नंतरचा, त्यांचा फक्त दुसरा सिनेमा. दुसऱ्या सिनेमाला कुणाचे जोक संपतात? आणि त्यानंतर 2011 मध्ये 'देऊळ' आला, त्यात परत हसू आहेच, आणि राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. माणूस तोच, गावाकडे बघायची नजर तीच. 'वळू'मध्ये गावात काहीही बिघडलं की बिल डुरक्या नावाच्या वळूवर फाटतं आणि आपण हसतो, पण शेवटाकडे मला दर वेळी त्या मुक्या जनावराची दया येते. मला वाटतं 'विहीर' तिथूनच सुरू होतो.

प्रियदर्शनचं घ्या. 'हेरा फेरी' आपल्याला पाठ आहे, पण त्यात आहे काय? भाडं थकलेले भाडेकरू, डोक्यावर कर्ज, हाताला नोकरी नाही. मग त्याच माणसाने तमिळमध्ये 'कांचीवरम' केला, रेशीम विणणारा एक विणकर, मुलीच्या लग्नात रेशमी साडी देईन असा शब्द दिलेला, आणि ती साडी त्याला परवडत नाही म्हणून तो रेशमाचे धागे तोंडात लपवून घरी आणतो. आयुष्यभर ज्याच्या हातातून रेशीम गेलं त्याच्या स्वतःच्या घरात एक साडी नाही. खिसा तिकडेही रिकामा आणि इकडेही, एकीकडे आपण पोट धरून हसतो आणि दुसरीकडे घशाशी येतं. हे दोन वेगळे दिग्दर्शक नाहीत सर.

अमेरिकेत ॲडम मॅकेने 'अँकरमॅन'सारखी धमाल केली आणि नंतर 2008 च्या मंदीवर 'द बिग शॉर्ट' केला. बँकांच्या कर्जांची ती किचकट भानगड समजावायला त्याने मार्गो रॉबीला बाथटबमध्ये बसवून कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लावलं. हे कॉमेडीवाल्यालाच सुचतं, कारण लोक कुठे कंटाळणार हे त्याला आधी कळतं, विनोद अर्धा सेकंद उशिरा आला की मेला हे तो रोज बघत असतो. तोच हिशोब तो दुःखाला लावतो. सगळ्यांना जमतं असं नाही, काही जण नुसता अंधार आणि पियानो टाकतात, ते मलाही बघवत नाही.

आता तुमच्या मुलाचं. इंटरव्हलला तो वॉटर कूलरपाशी त्याच्या आजीचा पदर धरून उभा होता, पॉपकॉर्नचा पुडा तसाच भरलेला, आणि विचारत होता, 'आजी, तो फक्त लपलाय ना?' मी मागेच उभी होते. सिनेमातला नचिकेत वारल्यावर त्याचा जिवलग समीर पुढे त्यालाच शोधत राहतो, तुमच्या मुलाने नेमकं तेच विचारलं. तुम्ही लिहिलंय स्लो सिनेमा, पोराला काही कळलं नाही. मला वाटतं त्याला कळलं, म्हणूनच झोप लागली नसेल. पण ते त्याला कधी आणि कसं कळावं हे तुम्ही ठरवायचं होतं, ती संधी माझ्या पोस्टरमुळे गेली, त्याबद्दल मनापासून सॉरी.

साडेबाराशे आज परत पाठवलेत, ज्या नंबरवरून आले होते त्यावरच, बघून घ्या. रिफंडचा नियम बदललाय, इंटरव्हलपर्यंत कुणालाही पूर्ण पैसे परत. पोस्टर उतरवलंय, आणि इथून पुढे सिनेमा कसा आहे, त्यात काय आहे, कोणत्या वयाला चालेल हे दाराशी बोर्डवर आणि तिकिटाच्या मेसेजमध्ये साध्या मराठीत लिहिणार. शो सुरू व्हायच्या आधी मी स्वतः समोर उभी राहून दोन मिनिटं सांगणार.

याच महिन्यात 'वळू' लावतोय. पाच खुर्च्या तुमच्या नावाने ठेवल्यात, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आणि तुमच्या खुर्चीखाली एक निळी टोपी राहिली होती, बहुतेक मुलाचीच असणार. काउंटरला ठेवलीये, जाता-येता कधीही घेऊन जा, संध्याकाळी चारनंतर मी असतेच.