पाच रोगांच्या एका लसीने पेशी ‘गोंधळत’ नाहीत

बाळाच्या सहाव्या आठवड्याची लस जवळ आली की कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक संदेश हमखास येतो. त्याचे म्हणणे असे की, जंतू दिसल्यावर पांढऱ्या पेशी त्याच्या मापाचा रिसेप्टर (जंतूला चिकटणारा, पेशीच्या पृष्ठभागावरचा रेणू) घडवतात. पेंटाव्हॅलंट लसीतून पाच रोगांचे प्रतिजन (शरीर ओळखते ते जंतूंचे अंश) एकदम आले की बाळाच्या कोवळ्या पेशी गोंधळतात आणि थकतात. म्हणून लसी सुट्या द्याव्यात.

रिसेप्टरविषयीच्या पहिल्या विधानाला हसू नये. प्रतिजन हा साचा आणि प्रतिपिंड (पांढऱ्या पेशींनी रक्तात सोडलेले तसेच रेणू) त्यावर आकार घेणारे, असे १९४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनीही मांडले होते. मात्र १९५७ मध्ये शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी हा क्रम उलटा केला आणि १९७६ मध्ये शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी त्यामागची यंत्रणा दाखवली: बी पेशी (प्रतिपिंडे बनवणारी पांढरी पेशी) अस्थिमज्जेत तयार होतानाच जनुकांचे तुकडे कापून निरनिराळ्या प्रकारे जोडते, आणि जंतूची गाठ पडण्यापूर्वीच तिच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या रिसेप्टरच्या सुमारे लाखभर प्रती उभ्या असतात. प्रतिजन रिसेप्टर घडवत नाही. जुळणारी पेशी निवडतो, आणि तीच मग वाढते. (निवडीनंतर बी पेशी आपला रिसेप्टर आणखी घोटून घेतात, हे खरे, पण ते नंतरचे.)

गोंधळाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. घटसर्पाच्या विषाला चिकटणारी पेशी वेगळी, कावीळ-बी च्या प्रथिनाला चिकटणारी वेगळी; दोघींना एकच काम वाटून घ्यायचे नसते. टी पेशींना (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) तर अख्खा जंतू दिसतही नाही. दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी नावाच्या रेणूवर मांडून दाखवलेला प्रथिनाचा तुकडाच त्या ओळखतात.

थकव्याविषयी थोडक्यात: जुन्या त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या) लसीतल्या डांग्या खोकल्याच्या अख्ख्या जिवाणूत प्रतिजनांची संख्या हजारोंत होती, आणि तोच घटक पेंटाव्हॅलंटमध्येही आहे. कावीळ-बी आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा जिवाणू) यांच्या घटकांनी त्यात मोजकीच भर घातली. उलट लसी सुट्या करून लांबवल्या, तर डांग्या खोकला सर्वाधिक जीवघेणा ठरतो तेच पहिले महिने बाळ उघडे पडते.

संदेशात न आलेली एक गोष्ट मात्र खरी आहे. टोचून द्यायच्या दोन जिवंत (दुबळा केलेला जिवंत विषाणू असलेल्या) लसी एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर त्यांच्यात चार आठवडे अंतर ठेवतात, कारण पहिलीमुळे निर्माण झालेले इंटरफेरॉन (विषाणूंना अडवणारे शरीरातले प्रथिन) दुसरीच्या विषाणूची वाढ रोखू शकते. पेंटाव्हॅलंटमध्ये जिवंत घटक एकही नाही.