शंभराच्या तिकिटातले वाघाला किती?

‘वन्यजीवांसाठीच्या सोडतीचं तिकीट घ्या. बक्षीस लागलं तर उत्तमच, नाही लागलं तरी सगळे पैसे प्राण्यांनाच जातात. म्हणजे ही देणगीच. एका तिकिटामागे एक जीव वाचतो. आणि तिकीट नाही तर सोडतीत नावही नाही, तेव्हा घाई करा.’ असा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण यातलं एकेक विधान तपासलं की काहीच धड उरत नाही.

‘सगळे पैसे प्राण्यांना.’ मग बक्षिसाची गाडी कुठून येते? कुणी ती फुकट दिली असेल तर ठीक, एरवी ती तिकिटांच्या पैशांतूनच येते. जाहिरात आणि आयोजकाचा वाटा वेगळाच. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यात संस्थांच्या मोठ्या सोडतींना विक्रीतले किमान २० टक्के सत्कार्यासाठी ठेवावे लागतात. नेदरलँड्सची पोस्टकोड लॉटरी १९८९ पासून चालते आणि ४० टक्के देते. तिच्यावर माझा राग नाही. ‘वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर’च्या डच शाखेसारख्या संस्थांना तिच्याकडून वर्षानुवर्षं पैसा मिळतो, तोही अमुकच कामाला वापरा अशी अट न घालता. असा पैसा संस्थांना फार क्वचित मिळतो. पण अशा चांगल्या उदाहरणातही आकडा ‘सगळे’ नाही, ४० आहे.

खरी गोम बारीक अक्षरांत असते. वर ठळक लिहिलेलं असतं, ‘८० टक्के संवर्धनाला’. खाली अटींमध्ये एक शब्द येतो, ‘निव्वळ’. समजा शंभराची विक्री झाली, बक्षीस आणि खर्चात ७० गेले, उरले ३०. त्याचे ८० टक्के म्हणजे २४. खोटं कुणीच बोललं नाही, आणि शंभरातले ७६ जंगलापर्यंत पोचलेच नाहीत.

‘ही देणगीच.’ करखाती तसं मानत नाहीत. अमेरिकेत सोडतीच्या तिकिटावर देणगीची वजावट मिळत नाही, ब्रिटनमध्ये देणग्यांवरची ‘गिफ्ट एड’ सवलत लागू होत नाही. कारण सरळ आहे: पैशांच्या बदल्यात तुम्ही जिंकण्याची संधी विकत घेतलेली असते.

‘एका तिकिटामागे एक जीव.’ डोंगरी गोरिलांची संख्या हजाराच्या वर गेली, २०१८ मध्ये ते ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी वर आले. त्यामागे रोज जंगलात फिरून तारेचे फास काढणारे रक्षक आहेत, जखमी गोरिलांवर तिथेच उपचार करणारे पशुवैद्य आहेत, गोरिला पाहायला येणाऱ्या पर्यटकांच्या परवान्यांचा पैसा आहे. रवांडात असा एक परवाना परदेशी पर्यटकाला २०१७ पासून १,५०० डॉलरला मिळतो. रक्षकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो, सोडत निघेल तेव्हा नव्हे.

राहिलं ‘तिकीट नाही तर नाव नाही’. हे तर उलटंच आहे. ब्रिटनमधल्या घर-गाडीच्या बऱ्याच मोठ्या सोडतींत टपालाने फुकट नाव नोंदवता येतं, आणि त्या नोंदीला विकतच्या नोंदीइतकीच संधी असते. ही सोय उदारपणाची नाही. फुकट वाट ठेवली की ती सोडत कायद्याने लॉटरी ठरत नाही, आणि लॉटरी नाही म्हटल्यावर ते किमान २० टक्क्यांचं बंधनही उरत नाही. मग प्राण्यांना किती जाणार, हे आयोजकाने अटींत स्वतः लिहिलं असेल तेवढंच.