सुरी धरणाऱ्याचं काय?

२०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटणाची दुकानं बंद ठेवायला सांगितलं आणि महाराष्ट्रभर जुंपली. खाणाऱ्याचं स्वातंत्र्य, न खाणाऱ्याच्या भावना, सगळं निघालं. सुरी धरणाऱ्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. न्यूझीलंडमध्ये बसून हे वाचताना चीड येते.

वाद तब्येतीवर आला की जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा आकडा पुढे येतो: रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस, आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्के जास्त. तोही खाणाऱ्याचाच. इथल्या फ्रीझिंग वर्क्सच्या, म्हणजे मोठ्या कत्तलखान्यांच्या, कामगारांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. रक्त, शेण, मूत्र यांत जितकी जास्त वर्षं काम, तितका फुप्फुसाचा कर्करोग जास्त. एकट्या सिगारेटवर तो ढकलता येईना. जनावरांमधल्या विषाणूंवर संशय आहे, सिद्ध काही नाही. पण खबरदारीला सिद्धतेची वाट कशाला बघायची? कोठा-आतडी काढतात तिथे जोराचा पाइप मारला की शेणाचे तुषार थेट नाकात जातात. म्हणून घाण आधी कोरडीच खरवडून उचलायची, मग कमी दाबाने धुवायचं.

आपल्याकडे मुंडी-पाय भाजून देणारा बघा. गॅसच्या बर्नरवर किंवा लाकडाच्या जाळावर वाकलेला, केस आणि चरबी जळतेय, धूर सरळ तोंडावर. अर्धवट जळलेल्या चरबीच्या धुरात बेंझोपायरीन असतं आणि ते कर्करोग करतं, यात वाद उरलेला नाही. ६५-७० अंशांच्या पाण्यात काही मिनिटं बुडवून केस खरवडले तर भाजणं नुसतं शेवटच्या हातापुरतं उरतं. पाणी जास्त तापलं तर कातडी शिजते आणि केस उलट घट्ट बसतात, म्हणून थर्मामीटर हवाच. भाजायचंच तर धुराडं आणि ओढणारा पंखा हवा.

न्यूझीलंडला हे कळलं, कारण कामगारांच्या नावांच्या याद्या होत्या आणि १९४८ पासूनची कर्करोग नोंदणी होती. मुंबईतही नोंदणी १९६३ पासून आहे. पण दुकानातल्या पोऱ्याचं नाव कुठल्याच हजेरीत नसेल, तर ती जोडणार कशाशी?

लांबून बोलणं सोपं, हे ऐकून घेते. इथल्या कामगाराच्या फुप्फुसांचा हिशोब मला पाठ आहे, कल्याणच्या खाटकाचा नाही, आणि ते सलतं. पालिकेने दुकानाच्या परवान्याबरोबर तिथे काम करणाऱ्यांची नावं आणि कामाची वर्षं लिहून घ्यावीत. मुंडी भाजणाऱ्याचंही.