‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी

पोळ्या लाटायला अर्धा तास लागतो, त्याचा मला शीण येत नाही. शीण येतो तो त्याआधीच्या विचाराने. मेथी कालच झाली. वांगं धाकटा खात नाही. सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. मटकी करावी तर भिजत घातलेली नाही. शेवटी घरात विचारावं, तर उत्तर येतं, ‘काहीही चालेल.’ आणि ताटात पडवळ पडलं की, ‘हे काय, पडवळ?’

याला ‘डिसिजन फटीग’, म्हणजे निर्णय घेऊन घेऊन येणारा थकवा, म्हणतात आणि त्यावर हमखास इस्रायलचा दाखला येतो. पॅरोलच्या ११०० हून जास्त निकालांचा तो अभ्यास २०११ सालचा. सत्राच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के निकाल कैद्यांच्या बाजूने, सत्र संपता संपता जवळजवळ शून्य, आणि न्यायाधीश खाऊन आले की पुन्हा ६५! पण पुढे आक्षेप निघाला की प्रकरणांचा क्रमच मुळात यादृच्छिक नव्हता, वकील नसलेले कैदी बहुधा शेवटी येत. इच्छाशक्ती वापरून वापरून संपते, ही या सगळ्यामागची कल्पना २०१६ मध्ये वीसेक प्रयोगशाळांनी मिळून तपासली, तर परिणाम शून्याच्या आसपास. त्यामुळे ‘ध्यान करा, मनोबल वाढवा’ छाप सल्ले मी वाचून सोडून देते. माझ्या मते प्रश्न निर्णय किती हा नाहीच, ते सगळे एकाच माणसाच्या डोक्यावर का, हा आहे.

आजीचे अर्धे निर्णय पंचांगच घ्यायचं. कांदेनवमीला भजी, थालीपिठं खाऊन घ्यायची, की आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपास. (अर्थात तिला निवडायची मुभाच नव्हती, त्यामुळे त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही.)

पण वार लावून घेण्याची युक्ती मी तिचीच उचलली. सोमवारी खिचडी-कढी. त्याच रात्री मटकी भिजत पडते, मंगळवारी फडक्यात बांधली जाते, बुधवारी उसळ. कंटाळवाणं आहे, असं मुलं म्हणतात. म्हणू देत.

शनिवार-रविवार नवऱ्याकडे. अट एकच, मंडईतून फोन करायचा नाही. ‘गवार घेऊ की घेवडा?’ असा फोन आला की पिशवी त्याच्या हातात आणि डोकं मात्र माझंच चालू. बायका ‘अगं, हे किती मदत करतात’ म्हणतात ना, तेव्हा मला तो फोन आठवतो. काम द्यायचं तर त्यातलं ठरवणंही द्यायचं, आणि चुकलं तरी मध्ये पडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मागच्या रविवारी दुधी, दोडका आणि घोसाळं असं तिन्ही एकदम घरी आलं. मी गप्प बसले. फार जड गेलं.

सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. बाईमाणसाला एवढं सुचायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं. वाद चालू आहे.