दुखणं जपा, फोटो आपोआप टळेल

अभिनंदन! मिररलेस कॅमेरा घेतलात. आता ठाण्यात राहत असाल तर रविवारी पहाटे येऊरचं जंगल आणि नवी मुंबईत असाल तर सीवूड्सची खाडी हे ओघानं आलंच. पण घराबाहेर पडण्याआधी एक लक्षात ठेवा. कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलेलं असणं ही या छंदाची मूळ अट आहे. ज्याचा कॅमेरा ठणठणीत, त्याला चहाच्या टपरीवर कोणी विचारत नाही. ‘बॅटरी टिकत नाही’, ‘फोकस हंट करतोय’, ‘सेन्सरवर काहीतरी आलंय’ यांपैकी एक तरी वाक्य जिभेवर हवं. ते नसेल तर कटिंग संपेपर्यंत तुमच्याकडे बघायला कोणी मान वळवणार नाही. शिवाय दुखणं एकदा बरं झालं की एकच प्रश्न शिल्लक राहतो, फोटो कसा आलाय? तिथवर गोष्ट जाऊ द्यायची नाही.

सुरुवात बॅटरीपासून करा, हे दुखणं सगळ्यांना परवडतं. जुन्या डीएसएलआरमध्ये आरशातून दृश्य थेट डोळ्यापर्यंत यायचं, सेन्सर क्लिकपुरता जागा व्हायचा. मिररलेसमध्ये सेन्सर आणि डोळ्यापुढचा इवलासा पडदा सारखे चालू, त्यामुळे बॅटरी लवकर उतरणारच. हे समजून घेतलंत तर तक्रार करायला तोंड राहणार नाही, म्हणून समजून घेऊ नका. ब्लूटूथ चालू असू द्या. कॅमेरा बंद न करता गळ्यात अडकवून उपवन तलावाला फेरी मारा. व्ह्यूफाइंडरजवळ एक छोटा सेन्सर असतो, डोळा जवळ आला की पडदा चालू करणारा. तुमचं पोट त्याला टेकलं की कॅमेऱ्याला वाटतं, मालक बघतायत. तो बिचारा अख्खी फेरी तुमच्या टी-शर्टाची बटणं दाखवत बसतो. घरी येऊन सांगा की कंपन्या हल्ली बॅटऱ्या बनवतच नाहीत.

लडाखला गेलात तर याचीच मोठी आवृत्ती अनुभवायला मिळते. पँगाँग तलाव सुमारे 4,200 मीटरवर, थंडीत लिथियमची बॅटरी मान टाकते. जोडीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवली तर ती बऱ्यापैकी तग धरते. पण आतल्या खिशात आवळा सुपारी ठेवायची असते, त्यामुळे बॅटरी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातच बरी.

तिथेच, ऐन वाऱ्यात, लेन्सही बदलून घ्या. बॉडीचं तोंड आभाळाकडे, कॅमेरा चालू, एक लेन्स काखेत, दुसरीचं झाकण दातांत. आरसा गेल्यापासून सेन्सर उघड्यावर आलाय, तेव्हा धूळ आत जायला काहीच अडचण येत नाही. काही कंपन्यांनी यात नसती लुडबुड केली आहे. कॅननने 2018 मध्ये ईओएस आर आणला तेव्हा कॅमेरा बंद केला की शटर पडदा ओढून सेन्सर झाकेल अशी सोय केली. म्हणून तर बंद करायचा नाही. मग एफ 16 वर आभाळाचे फोटो काढा, कारण छिद्र बारीक केलं की धुळीचा कण ठसठशीत उमटतो. अशानं तुमच्या प्रवासाला एक सूत्र मिळतं. पँगाँगच्या आभाळात उजव्या कोपऱ्यात एक घार, हंपीच्या आभाळात तीच घार, काशीच्या घाटावरही तीच, त्याच जागी, त्याच उंचीवर. बघणारे म्हणतात, काय टायमिंग साधलंय! बॉडीचं तोंड खाली करून रबरी ब्लोअरनं दोन फुंका मारल्या तर घार बहुतेक वेळा उडून जाते. पण मग फोर्टात बोरा बाजारात सेन्सर दाखवायला जाण्याचं निमित्त गेलं, आणि येताना ‘सहज’ एक सेकंडहँड प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, आणण्याचंही. तोंडानं फुंकर मारायला मात्र हरकत नाही. थुंकीचा थेंब पडला की निमित्त पक्कं होतं.

डोळा पकडणाऱ्या फोकसबद्दल तर काय बोलावं! हल्लीचा कॅमेरा माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा डोळा स्वतः शोधतो. तुम्ही ठाण्यात राहता, इथे डोळ्यांना तोटा नाही. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नऊवारीतली एखादी पाच-सहा वर्षांची चिमुरडी लेझीम घेऊन समोर येते. नथ गालावर घसरलेली, एक पदर कमरेला खोचलेला, दुसऱ्या हातात आईनं कोंबलेली पाण्याची बाटली. तुम्ही क्लिक करता. मागे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक असतो. मधोमध गॉगल लावलेले साहेब, वर वरिष्ठ साहेबांची रांग, खाली शुभेच्छुकांचे चाळीस पासपोर्ट फोटो. कॅमेरा प्रामाणिकपणे फलकावरचा एक डोळा धरतो. घरी येऊन बघता तर चिमुरडी धूसर आणि खालून दुसऱ्या रांगेतला डावीकडून तिसरा शुभेच्छुक केसागणिक स्पष्ट. फोकसचा चौकोन बोटानं मुलीवर ठेवला असता तर चुकलं नसतं. पण ते शुभेच्छुक कधी तरी नगरसेवक होतील, तेव्हा हा फोटो कामाला येईल. टपरीवर सांगताना दोष अल्गोरिदमचा सांगा.

संध्याकाळी नवरात्रात टेंभी नाक्यावर गेलात तर आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर लावा. ढोल-ताशे आणि डीजेच्या गदारोळात तुमच्या शटरचा आवाज देवीला त्रासदायक होईल, ही काळजी रास्तच आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि मूक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचतं. परिणामी फोटोवर काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 ठेवला, नाहीतर सरळ मेकॅनिकल शटर लावलं, तर पट्टे बहुतेक जातात. हे कोणी सांगायला लागलं तर त्याला विषय बदलून ‘सर, तुम्ही रंगांचं कुठलं प्रोफाइल वापरता?’ असं विचारा. हेच मूक शटर ट्रान्सहार्बरच्या धावत्या लोकलच्या खिडकीतून वापरलंत तर ऐरोली-रबाळे भागातले विजेचे खांब तिरके येतील. त्याखाली ‘गती’ असा मथळा द्या.

पावसाळ्याबद्दल फार सांगायची गरज नाही. जूनमध्ये कॅमेरा बॅगेसकट कपाटात, लोकरीच्या शालींच्या मागे ठेवा आणि गणपतीला बाहेर काढा. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आत आर्द्रता चाळीस-पन्नास टक्के, निळे दाणे गुलाबी पडले की तव्यावर गरम करून पुन्हा निळे करायचे, ही कामं करायला स्वयंपाकघरात जावं लागतं. तिथे गेलात की डबा कोणाचा आणि तवा कोणाचा यावरून चर्चा होते. त्यापेक्षा बुरशी परवडली. बुरशीला दमट अंधार आवडतो आणि आपल्याकडे तो चार महिने फुकट मिळतो.

आता फ्लेमिंगो. ठाणे खाडीचा हा मानाचा पाहुणा नोव्हेंबरच्या सुमारास येतो आणि मेपर्यंत राहतो. खाडीचा काही भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला, 2022 मध्ये ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ही माहिती फोटोखालच्या मजकुरात टाकायला छान आहे, इतर उपयोग नाही. खरी उपयोगाची माहिती वेगळी आहे आणि ती कटाक्षानं टाळायची आहे. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा थवे तिकडे दूर चरत असतात. भरती चढली की चिखल बुडतो आणि पक्षी आतल्या तळ्यांकडे सरकतात, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला, एनआरआय संकुलाशेजारी, नेरूळच्या डीपीएस तळ्यावर. म्हणजे लेन्स किती लांबीची यापेक्षा पाणी किती वाजता चढणार याला जास्त महत्त्व आहे. ते कळायला ॲपसुद्धा लागत नाही. दिवाळे नाहीतर सारसोळे गावातल्या एखाद्या आगरी-कोळी काकांना विचारा, ते तोंडी हिशेब सांगतील, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाच्या. तिथी तर तुमच्या फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे, गॅस सिलिंडर आल्याची खूण करता त्याच चौकोनात.

पण विचार करा, कॅलेंडर बघून काम झालं तर लाखाच्या वरची सहाशे मिलिमीटरची लेन्स कोणत्या तोंडानं घ्यायची? तेव्हा नाश्ता वगैरे उरकून, ऐन ओहोटीच्या वेळी, बारा वाजता पोहोचा. पक्षी अर्धा किलोमीटर लांब असतील. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असेल, आणि त्या थरथरीतून जगातली कुठलीच लेन्स पिसं मोजून दाखवत नाही. घरी मोठ्या पडद्यावर उघडल्यावर गुलाबी भाताची शितं दिसतील. इथे तुमचा मुख्य संवाद येतो: ‘ही लेन्स सॉफ्ट आहे हो.’ मग पुढचे दोन महिने भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून लेन्स तपासणं, कंपनीत पाठवणं, फर्मवेअर बदलणं, टपरीवर प्रत्येकाकडून वेगळा सल्ला घेणं, यात कसे जातात कळत नाही. तोवर फ्लेमिंगो निघून जातात आणि विषय पुढच्या मोसमावर ढकलता येतो.

चुकून भरतीला पोहोचलातच, तर थवा तळ्यात एका पायावर निवांत उभा असेल. असा फोटो सगळ्यांकडे असतो. तुम्हाला उडताना हवाय. प्रत्येक घोळक्यात टाळ्या वाजवणारे एक सर असतातच, ते नसतील तर ड्रोनवाले असतात. भरतीच्या त्या चार तासांत पक्ष्यांनी जरा विसावा घ्यावा असा निसर्गाचा बेत असतो, पण निसर्गाला एका दमात धडाधड फोटो काढणाऱ्या तुमच्या बर्स्ट मोडचा वेग ठाऊक नाही. तळ्यात खाडीचं पाणी येतंय की वाट बुजवलीय, पलीकडचा भराव कुठवर आलाय, असल्या चौकशा करू नका. फ्रेममध्ये मागे टॉवर येत असतील तर ते एडिट करताना पुसता येतात. पुसून झाले की खाली लिहा, ‘आमच्या नवी मुंबईतलं निसर्गवैभव’.

आणि अर्थात पाठवा! तुमच्याकडे पंचेचाळीस मेगापिक्सेलची बॉडी आहे, तिची रॉ फाइल उघडताना लॅपटॉपचा पंखा विमान उडवल्यागत ओरडतो. ती रात्री दीडपर्यंत घोटून तयार केल्यावर व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं टाका, म्हणजे तिचे दीड-दोन मेगापिक्सेल राहतील. इन्स्टाग्रामवर टाकलीत तर रुंदी 1080 पिक्सेल. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते, पण मग लघुचित्र नीट दिसत नाही आणि सोसायटीतले लोक ती मेंटेनन्सची पावती समजून उघडत नाहीत. सोसायटीचा ग्रुप विसरू नका. ‘शुक्रवारी चोवीस तास पाणी बंद’ आणि ‘बी विंगसमोर कोणाची ॲक्टिव्हा आहे’ यांच्या मधल्या जागेत काशीचे सत्तावीस फोटो एकापाठोपाठ टाका. निवड करू नका. निवड केली तर सव्विसावा फोटो पंचविसाव्यापेक्षा बरा का, हे स्वतःला सांगावं लागतं, आणि तेवढ्या वेळात तुम्ही रात्री उशिरा एखादं लेन्सचं परीक्षण बघू शकता.

हौशी मंडळींच्या ग्रुपात शिस्त वेगळी. तिथे सगळेच सर. बँकेतले, महापालिकेतले, काल किट लेन्स घेतलेले, सगळे. प्रतिक्रियांचा व्यवहार लग्नातल्या आहेरासारखा, ज्यानं तुमच्या कास पठाराला ‘अप्रतिम टिपलंय सर’ दिलं, त्याच्या राजमाचीला तुम्ही ‘काय नजर आहे सर’ परत करायचं. दोन हात जोडलेले इमोजी वरचा रुपया. एखादा नवखा येतो आणि म्हणतो, ‘फोटो छान, पण क्षितिज डावीकडे उतरलंय.’ व्ह्यूफाइंडरमध्ये पातळी दाखवणारी रेघ असते, हेही सांगतो. अशा माणसाला लगेच काढू नका, ते वाईट दिसतं. त्याला विचारा, ‘सर, तुमचे काम बघायला आवडेल.’ त्यानं पाठवलं की कोणी काही बोलायचं नाही. तो आपण होऊन जातो.

अशी तीनेक वर्षं काढलीत की सगळी दुखणी एकत्र बळावतात आणि इलाज एकच राहतो, सिस्टीम बदलणं. सोनीवाल्यानं फुजीचे रंग किती जिवंत आहेत ते सांगायला लागावं, फुजीवाल्यानं सोनीच्या फोकसला दाद द्यावी, निकॉनवाल्यानं हळूच कॅननच्या दुकानात शिरावं. जुना कॅमेरा विकायची जाहिरात लिहा: ‘एकहाती, हौसेनं वापरलेला, बॉक्स-बिलासकट, शटर काउंट अत्यंत कमी.’ यातलं शेवटचं, म्हणजे क्लिक कमी झाल्याचं, तेवढं शंभर टक्के खरं असेल. गिऱ्हाईक वाशी स्टेशनबाहेर भेटेल, लेन्स उजेडात धरेल, मोबाइलचा टॉर्च आरपार मारेल आणि विचारेल, ‘काका, आत हे जाळं कसलं?’ गडबडायचं नाही. त्यामुळेच बोके, म्हणजे फोटोतला मागचा धूसरपणा, इतका मऊ येतो म्हणून सांगा, आणि हजार रुपये कमी करा.