"मामा, ओटीपी सांगा"

अंध माणसानं स्वतःचा फॉर्म स्वतः भरावा, अशी आपल्याकडं कुणाची अपेक्षाच नसते. माझ्या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच. कोड दुरुस्त करता येतो, कायदा तर कधीचाच झालाय. पण "त्याला कशाला त्रास, पोरगं भरून देईल की" या वाक्यापुढं काही चालत नाही.

मी लातुरात बसून वेबसाइटांची ॲक्सेसिबिलिटी तपासते, म्हणजे दिव्यांग माणसाला साइट स्वतःची स्वतः वापरता येते का ते. माऊस बाजूला ठेवायचा, टॅब दाबत पान शेवटपर्यंत जातंय का बघायचं. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, काय बोलतो ते ऐकायचं. अक्षरांचा आणि मागच्या रंगाचा फरक निदान 4.5 ला 1 आहे का मोजायचं, व्हिडिओतलं बोलणं खाली लिहून येतंय का पाहायचं. क्लायंट बहुतेक युरोपातले. तिकडं 28 जून 2025 पासून ॲक्सेसिबिलिटीचा कायदा लागू झाला, त्यामुळं त्यांना घाई आहे. इकडं कुणाला घाई नाही. इकडं लोक म्हणतात, "लई पुण्याचं काम करायलीस बाई." पुण्य कसलं? दुकानाला दरवाजा बसवणाऱ्याला कुणी पुण्यवान म्हणतं का?

आता हे "भरून देणं" कसं असतं ते सांगते. ऑनलाइन केंद्र, बाहेर गर्दी, पीकविम्याची नाहीतर केवायसीची शेवटची तारीख. दृष्टी गेलेला शेतकरी बाकावर बसलेला. केंद्रवाला आतून ओरडतो, "मामा, ओटीपी सांगा!" मामा नातवाला फोन देतात, नातू मोठ्यानं आकडे वाचतो. मग आधार नंबर, खाते नंबर, जमीन किती, कर्ज किती, दिव्यांग प्रमाणपत्रावर टक्के किती, सगळं भर गर्दीत. पासवर्ड केंद्रवाल्याच्या वहीत. तो माणूस वाईट नाही हो, लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर रात्री अकरापर्यंत बसलेला असतो. पण आपला पासवर्ड कुणाच्या वहीत ठेवायचा, हे ठरवायची सोयच मामांना नाही.

माझ्यासोबत टेस्टिंग करणारा एक मित्र आहे, कळंबकडचा, जन्मापासून अंध. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर तो इतक्या वेगानं ऐकतो की मला त्यातला एक शब्द कळत नाही. युरोपातल्या साइटवर तो तिकीट काढतो, पैसे भरतो, तक्रार करतो. आपल्याकडच्या फॉर्मवर आला की अडतो. तो म्हणतो, "बायकोला कळायच्या आधी माझा बॅलन्स शेजाऱ्याला माहीत असतो." हसत म्हणतो. मला हसू येत नाही.

अडतं कुठं? पहिलं म्हणजे कॅप्चा. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, त्याला आवाजाचा पर्याय नाही, म्हणजे दारातूनच परत. पुढं गेलात तर रकान्यांना नावं जोडलेली नसतात. डोळ्यांना "वडिलांचे नाव" दिसतं, स्क्रीन रीडर म्हणतो "एडिट, ब्लँक", म्हणजे नुसता रिकामा रकाना, कशाचा ते नाही. पुढचा रकाना, परत "एडिट, ब्लँक". जन्मतारीख टाइप करता येत नाही, कॅलेंडर उघडून 1961 पर्यंत मागं जा म्हणतात. एवढ्यात सेशन संपतं.

मराठीची खास गोची वेगळीच. पानाच्या कोडमध्ये भाषा कोणती ते लिहावं लागतं. मराठीसाठी "एमआर", दोन अक्षरं. कितीतरी मराठी साइटांवर तिथं इंग्रजीच राहिलेलं असतं, कारण टेम्प्लेट तसंच उचललं. मग इंग्रजी आवाज देवनागरीपाशी येऊन अडखळतो, कधी नुसता गप्पच बसतो. त्यात पीडीएफ. एक तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेली, म्हणजे डोळ्यांना मराठी आणि आत रोमन अक्षरांचा चिवडा. नाहीतर छापून, सही-शिक्का मारून, तिरकी स्कॅन केलेली. तो कागद नाही, कागदाचा फोटो आहे, स्क्रीन रीडरला त्यात वाचायला अक्षरच नाही. फोटोचं वेड तर आपल्याला भारीच. सप्ताहाची पत्रिका फोटो, भरतीची जाहिरात फोटो, लातूरसारख्या गावात नळाला पाणी कधी येणार ही नोटीससुद्धा फोटो! तोच मजकूर खाली चार ओळी टाइप करायला किती वेळ लागतो?

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे आणि त्यात माहिती-तंत्रज्ञान स्पष्ट लिहिलंय. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोक होते. केवायसीत "डोळ्यांची उघडझाप करा" म्हणतात, पापण्याच भाजल्या असतील तर माणसानं काय करायचं? तो फ्लो बनवताना हा प्रश्न कुणालाच पडला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

जाता जाता, ते कोपऱ्यात माणसाचं चिन्ह असलेलं विजेट. "एक ओळ कोड टाका, साइट ॲक्सेसिबल" म्हणून विकतात. ॲक्सेसिबी नावाच्या कंपनीला अशाच दाव्यांबद्दल 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 10 लाख डॉलर भरायला लावले. अक्षरं मोठी करणारं बटन लावून "एडिट, ब्लँक" जात नसतं. अंध माणसाकडं स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच, त्याला तुमचं बटन नको, रकान्याचं नाव पाहिजे.

"असे लोक असतात किती?" हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. 2011 च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले, आणि तेव्हा कायद्यात आजच्यासारखे 21 प्रकार नव्हते. मोतीबिंदूवाले आजोबा, हात प्लास्टरमध्ये असलेली बाई यात कुठंच नाहीत. पण खरं सांगू, हे आकडे सांगायचा मला कंटाळा आलाय. मतदान केंद्रावर रॅम्प लावताना आपण आधी डोकी मोजत नाही.

संभाजीनगर, नांदेड, लातुरात वेबसाइट बनवणारी पोरं भरपूर आहेत, हुशार आहेत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कॉलेजात हे कुणी शिकवलंच नाही आणि क्लायंटनं कधी मागितलं नाही. माझं म्हणणं टेंडर काढणाऱ्यांना आहे. जिल्हा परिषद असो, महापालिका, बँक नाहीतर विद्यापीठ, कामाच्या करारात एक अट टाका: स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसानं, कुणाची मदत न घेता, अर्ज सुरुवातीपासून पावतीपर्यंत भरून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. आणि त्या माणसाला त्या दिवसाचे रीतसर पैसे द्या, शाल-नारळ नको. असं टेस्टिंग करू शकणारी माणसं मराठवाड्यात आहेत. कुणाला पाहिजे असतील तर मला मेसेज करा, गाठ घालून देते.

फोटोचं वर्णन: लॅपटॉपचा स्क्रीनशॉट. डावीकडं मराठी ऑनलाइन अर्ज, त्यात नाव, पत्ता, खाते क्रमांक असे रकाने. उजवीकडं त्याच अर्जाचा एनव्हीडीएनं बोललेला मजकूर: "एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. एडिट, ब्लँक. बटन." पोर्टलचं नाव खोडलं आहे.