काही नाही, घरीच होते

आज इथे नाशिकमध्येच अंबडला इंटरव्ह्यू होता. आल्यापासून डोकं ठणकतंय. कुकर लावलाय, तो होईपर्यंत लिहून मोकळी होते.

समोर सव्वीस-सत्तावीसचा मुलगा. त्याने माझा बायोडाटा वरून खाली बघितला आणि निळ्या बॉलपेनने डिसेंबर २०१६ च्या खालच्या कोऱ्या जागेभोवती गोल काढला. एकदा नाही, दोनदा फिरवून. शाळेत चुकलेल्या गणिताला बाई काढायच्या तसा. "मॅडम, ही नऊ वर्षं काय केलंत?"

तिथे तोंड उघडलं नाही, म्हणून इथे सांगते.

मुलगी झाली ऑगस्ट २०१६ मध्ये. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवडे. सव्वीस आठवडे झाले १ एप्रिल २०१७ पासून, तोवर मी घरी बसलेली. रजा संपवून कामावर गेले आणि त्याच आठवड्यात नोटाबंदी. मी अकाउंट्सला. ज्यांनी तो नोव्हेंबर अकाउंट्समध्ये काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. इकडे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नव्या पाचशेच्या नोटा छापून निघत होत्या आणि आमच्या कंपनीत हंगामी कामगारांचे पगार वाटायला रोकड नव्हती. रात्रीचे साडेआठ वाजायचे, बँकेचा मेळ लागायचा नाही, छाती दगडासारखी व्हायची आणि कुर्ता ओला. ओढणी पुढे ओढून घ्यायची आणि पुढचं व्हाउचर लावायचं. घरी पोर सासूबाईंच्या मांडीवर रडून रडून झोपलेली असायची. महिनाभर काढला. मग राजीनामा दिला. साहेब म्हणाले, "ताई, मूल मोठं झालं की या परत." किती मोठं, ते मात्र बोलले नाहीत.

नंतर धाकटा झाला. मग लॉकडाउन, एका मोबाइलवर पोरीची केजी आणि याचे दात. मग सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन. मेडिक्लेमची फाइल तीनदा परत आली, तीनदा मी एकेक बिल तारखेने लावून पाठवली, चौथ्यांदा पैसे जमा झाले. हे ऑडिट नाही तर काय आहे? पण याला अनुभवपत्र कोण देणार?

आणि मी काय उत्तर दिलं माहितीये? "काही नाही, घरीच होते."

काही नाही! माझ्याच तोंडून! त्या गोलापेक्षा हे जास्त लागलंय मला. स्कूटीवरून येताना गरवारे पॉइंटला सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, मागचा टेम्पोवाला ओरडला तेव्हा भानावर आले.

पुढचा प्रश्न तर ठरलेलाच. "मुलं आजारी पडली तर कोण बघेल?" आमच्या घरातल्या माणसाने याच नऊ वर्षांत सातपूरमध्ये तीन कंपन्या बदलल्या. तीन इंटरव्ह्यू दिले. त्याला एकदाही कुणी विचारलं नाही की बाबा रे, पोरं कोण बघतं. त्याचीही पोरं आहेत ना? (नवरा वाईट नाही, हो. रविवारचा स्वयंपाक तो करतो. पण त्याचं कौतुक अख्ख्या सोसायटीला पाठ आहे.)

आणि कायदा म्हणतो पन्नास माणसं असतील तर पाळणाघर हवं. आज गेले तिथे खुर्च्या मोजल्या, सवयच आहे. अडतीस. म्हणजे प्रश्नच मिटला. नाशिकमधल्या आपल्यासारख्यांना नोकऱ्या मिळतात त्या अशाच तीस-चाळीस माणसांच्या ऑफिसात.

बरं, जीएसटी मी हाताने कधी केलेलं नाही, हे खरंय. मी सोडलं तेव्हा व्हॅट आणि एक्साइज होतं. त्या मुलाने रिटर्नबद्दल दोन प्रश्न विचारले, एक चुकला. त्याचंही बरोबर आहे, त्याला सोमवारपासून काम करणारं माणूस हवंय.

पण मग हेही ऐका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा जे खुर्चीत बसलेले होते, त्यांना तरी कुठे येत होतं? सगळे शून्यावरच होते. फक्त त्यांना शिकायचा पगार मिळाला. मी दुपारी पोरं झोपल्यावर यूट्यूबवरून पाच, बारा, अठरा, अठ्ठावीस टक्क्यांचे दर पाठ केले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये बारा आणि अठ्ठावीस जवळजवळ काढूनच टाकले! हसू आलं तेव्हा. आज नाही आलं.

येताना एकटी मिसळ खाल्ली. सोबत पोरं नाहीत, कुणाचा पाव तिखटातून वाचवायचा नाही, पापड माझा मला अख्खा. रस्सा दोनदा मागितला. तिथे बसून जरा राग उतरला. त्या मुलाच्या टेबलावर कोपऱ्यात डबा होता, घरी शिवलेल्या कापडी पिशवीत, नाडीला गाठ मारलेली. पाणी त्याने आपणहून विचारलं होतं. निघताना "मॅडम, कळवतो" म्हणाला आणि उठून उभा राहिला. वळण आहे पोराला. कुणीतरी लावलंय ना ते.

पण गोल काढायचा नव्हता. विचारायचं होतं नुसतं.

असो. इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याकडे टॅलीप्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी रिटर्न शिकवणारं कुणी ओळखीत आहे का? क्लास नको, सर्टिफिकेटही नको. शेजारी बसवून खरीखुरी रिटर्न भरून घेणारं माणूस हवंय. एखाद्या सीएंच्या ऑफिसात फुकट बसायलाही तयार आहे, महिनाभर. वेळ बारा ते अडीच. पावणेतीनला शाळेची व्हॅन कोपऱ्यावर येते, तेव्हा मी तिथे लागते.

शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. उठते.